वाफ, शेवटची दोन टक्के वीज आणि पात्यांचे आयुष्य: कोल्हापूर परिसरातील एका गॅस टर्बाइनचे प्रकरण

कोल्हापूर परिसरातील एका औद्योगिक वसाहतीत कापडावर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. तिथे सुमारे ५ मेगावॉट क्षमतेचे गॅस टर्बाइन वीज तयार करते आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर बॉयलर चालवून रंगाईसाठी व वाळवणीसाठी वाफ मिळवली जाते. कारखान्याची ओळख येथे दिलेली नाही आणि त्याचे जे आकडे पुढे येतात ते हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल केलेले आहेत. प्रश्न असा होता: टर्बाइनमध्ये वाफ सोडायला सुरुवात केल्यानंतर तप्त भागांची तपासणी २४,००० तासांनी करण्याचे नियोजन होते, परंतु सुमारे १३,००० तासांनाच बोरोस्कोपमधून (यंत्र न उघडता आत पाहण्याच्या दुर्बिणीतून) पहिल्या टप्प्याच्या पात्यांवरील लेप अनेक ठिकाणी उडालेला दिसला. दुसऱ्या टप्प्याची स्थिर नोझल (वायूला दिशा देणारी, न फिरणारी पाती) प्रवाहाच्या दिशेने झुकलेली आढळली आणि खालच्या बाजूच्या ज्वलनकक्षांच्या लायनरला, म्हणजे आतल्या अस्तराला, चिरा गेलेल्या होत्या. व्यवस्थापनाचा पहिला निष्कर्ष सरळ होता, की वाफेने टर्बाइन खाल्ले, तेव्हा वाफ बंद करावी. हा निष्कर्ष अर्धवट का होता, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

वाफ सोडण्याचा निर्णय मुळात का झाला, हे आधी समजून घ्यावे लागते. गॅस टर्बाइनची नोंदवलेली क्षमता समुद्रसपाटीवर, १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेसाठी दिलेली असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा विरळ होऊन सुमारे सहा टक्के क्षमता उंचीपोटीच जाते. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की आणखी पंधरा टक्क्यांच्या आसपास घट होते, म्हणजे ५ मेगावॉटचे यंत्र प्रत्यक्षात ४ मेगावॉटच देते. दुसरीकडे, रंगाईची काही यंत्रे बंद असली की बॉयलरची वाफ उरते. ही उरलेली वाफ ज्वलनकक्षात सोडली तर टर्बाइनमधून जाणाऱ्या वायूचे वस्तुमान वाढते, त्यासाठी कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबून आत देणाऱ्या भागाला, जास्त काम करावे लागत नाही आणि वीज वाढते. ही कल्पना नवीन नाही. चेंग सायकल या नावाने ओळखली जाणारी रचना १९८० च्या दशकात लहान टर्बाइनवर व्यापारी वापरात आली आणि अ‍ॅलिसन ५०१ जातीच्या यंत्रात साडेतीन मेगावॉटवरून सहा मेगावॉटच्या आसपास मजल गेली, पण ती यंत्रे वाफेसाठीच बेतलेली होती. साध्या औद्योगिक टर्बाइनमध्ये हवेच्या पाच टक्क्यांपर्यंत वाफ ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, कारण त्यापुढे कॉम्प्रेसरच्या निकासाचा दाब वाढून तो सर्जच्या, म्हणजे हवेचा प्रवाह उलटण्याच्या स्थितीच्या, जवळ जाऊ लागतो. या कारखान्यात तीन टक्के वाफ सोडली जात होती. सेकंदाला २० किलो हवा धरली तर हे प्रमाण तासाला दोन टनांहून थोडे जास्त होते.

वाफेमुळे पात्यांना नेमके काय होते

हवेच्या तुलनेत पाण्याच्या वाफेची विशिष्ट उष्णता जवळपास दुप्पट असते आणि वाफमिश्रित वायू उष्णता अधिक सहजतेने पात्याच्या धातूला देतो. ज्वलनकक्षातून निघणाऱ्या वायूचे तापमान अगदी तेच ठेवले तरी पाते आधीपेक्षा जास्त तापते, ते यामुळेच. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आपल्या ७ ईए जातीच्या मोठ्या टर्बाइनसाठी दिलेले मार्गदर्शन या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. तीन टक्के वाफ सोडली असता उष्णता-संक्रमण गुणांक चार टक्क्यांनी वाढतो, पहिल्या टप्प्याच्या पात्याचा धातू सुमारे ८ अंश सेल्सिअसने अधिक तापतो आणि पात्याचे आयुष्य ३३ टक्क्यांनी घटते.

आठ अंशांनी एक तृतीयांश आयुष्य जाते, हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. कारखान्याच्या बैठकीतही ते कोणाला पटले नाही, म्हणून हिशेब फळ्यावर मांडावा लागला. तापलेला धातू सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो, त्याला क्रीप म्हणतात, आणि तापमान व वेळ यांची अदलाबदल मोजण्यासाठी लार्सन-मिलर हे सूत्र वापरले जाते: केल्विनमधील तापमानाला, वीस अधिक तासांचा लॉगॅरिदम, यांच्या बेरजेने गुणायचे. धातू ८५० अंश सेल्सिअसला, म्हणजे ११२३ केल्विनला, २४,००० तास टिकतो असे धरले तर हा गुणाकार सुमारे २७,३८० येतो. तापमान ८ अंशांनी वाढवून तोच गुणाकार कायम ठेवला की तास उरतात सुमारे १६,१००, म्हणजे आयुष्य ३३ टक्क्यांनी कमी. १५ अंश वाढवले तर आयुष्य निम्म्याहून खाली जाते. ८५० हा आकडा मी हिशेबासाठी घेतला आहे. तो थोडा वरखाली केला तरी प्रमाण फारसे बदलत नाही.

मात्र याच मार्गदर्शनातला दुसरा भाग या प्रकरणात निर्णायक ठरला, आणि वाफेच्या नावाने बोटे मोडणारे तो सहसा वाचत नाहीत. वर सांगितलेली घट, फायरिंग तापमान (टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचे तापमान) कायम ठेवले तरच होते. गॅस टर्बाइन आपले फायरिंग तापमान प्रत्यक्ष मोजत नाही, कारण तिथे दीर्घकाळ टिकेल असा तापमापक बसवणे व्यवहार्य नसते. नियंत्रण प्रणाली बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान आणि कॉम्प्रेसरच्या निकासाचा दाब मोजते आणि या दोहोंमधल्या एका ठरलेल्या रेषेवर यंत्र चालवते. ही रेषा कोरड्या वायूसाठी आखलेली असते. वाफमिश्रित वायू प्रसरण पावताना तुलनेने कमी थंड होतो, म्हणून त्याच फायरिंग तापमानाला बाहेरचे तापमान थोडे जास्त दिसते. नियंत्रण प्रणाली ते पाहून इंधन कमी करते आणि फायरिंग तापमान आपोआप खाली येते. ७ ईए यंत्रात ते ११०४ अंशांवरून १०९० अंशांवर उतरते. अशा ‘ड्राय’ नियंत्रणात पात्याला मिळणारी जास्तीची उष्णता आणि उतरलेले वायुतापमान एकमेकांची भरपाई करतात आणि पात्याच्या आयुष्यावर परिणाम होत नाही. रेषाच वर सरकवून फायरिंग तापमान कायम राखले तर त्याला ‘वेट’ नियंत्रण म्हणतात.

आता विजेकडे पाहू. तीन टक्के वाफेने ड्राय नियंत्रणात वीज आठ टक्क्यांनी वाढते, तर वेट नियंत्रणात दहा टक्क्यांनी. याचा अर्थ पहिले आठ टक्के पात्यांना हात न लावता मिळतात आणि शेवटच्या दोन टक्क्यांसाठी पात्यांचे एक तृतीयांश आयुष्य मोजावे लागते. माझ्या मते वाफेविषयीच्या संपूर्ण चर्चेत व्यवस्थापनाला कळायला हवी अशी हीच एक गोष्ट आहे, कारण वाफ सोडण्याचा निर्णय वरच्या बैठकीत होतो आणि रेषा सरकवण्याचा निर्णय बहुधा कंट्रोल रूममध्ये होतो.

नोंदींमध्ये काय सापडले

या कारखान्यातही तेच घडले होते. जुन्या नोंदींतून बाहेरच्या वायूचे तापमान आणि निकासाचा दाब यांचे बिंदू आलेखावर मांडले, तेव्हा वाफ बंद असतानाचे बिंदू मूळ रेषेवर पडले आणि वाफ चालू असतानाचे बिंदू तिला समांतर अशा वरच्या रेषेवर. एका उन्हाळ्यात विजेची चणचण असताना सेटिंगमध्ये वाढ करण्यात आली होती आणि पाऊस आल्यावर ती काढून घेण्याचे कोणाच्याही जबाबदारीत लिहिलेले नव्हते. यंत्र तेव्हापासून बारमाही वेट नियंत्रणावर होते. ४ मेगावॉटवर दोन टक्के म्हणजे ८० किलोवॉट. वर्षाला ८,००० तास धरले तर ६,४०,००० युनिट. विजेच्या दराने गुणले की ही रक्कम मोठी दिसते, आणि बैठकीत ती तशीच सांगितली गेली होती. तीतून जास्तीच्या गॅसचा खर्च वजा केलेला नव्हता, आणि पात्यांच्या संचाची किंमत तर कोणत्याच रकान्यात नव्हती.

पात्यांच्या किमतीचा विषय निघाला की कोल्हापुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न इथेही आला: शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात पाती ओतून घेता येणार नाहीत का? ज्या शहराने देशभराच्या इंजिनांना ओतीव भाग पुरवले, तिथे हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण ही पाती निकेलच्या मिश्रधातूची, निर्वात भट्टीत वितळवून ओतलेली असतात. थंड हवेसाठी आतून पोकळ्या ठेवलेल्या पात्यांना सिरॅमिकचे गाभे लागतात आणि वरून अ‍ॅल्युमिनियमयुक्त लेप द्यावा लागतो. बिडाच्या फौंड्रीचे ते काम नाही, आणि मूळ उत्पादकाकडून मिळणाऱ्या संचाला वेळही भरपूर लागतो.

नोझलचा झुकाव वेट नियंत्रणाशी जुळत होता, पण त्याला आणखी एक कारण असते. वाफेमुळे टर्बाइनमधून जाणारा प्रवाह आणि दाबाचे गुणोत्तर दोन्ही वाढतात, त्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याच्या स्थिर नोझलवर वायूचा रेटा वाढतो आणि ती क्रीपने प्रवाहाच्या दिशेने सरकतात. जुन्या यंत्रांत ही नोझल एफएसएक्स-४१४ सारख्या कोबाल्टच्या मिश्रधातूची असत. नंतर आलेल्या जीटीडी-२२२ सारख्या निकेलच्या मिश्रधातूने हा प्रश्न बराच सौम्य केला. देखभालीच्या तासांचे गणित म्हणूनच धातूप्रमाणे बदलते. उपर्युक्त मार्गदर्शनात वेट नियंत्रणासाठी वाफेच्या प्रत्येक टक्क्यामागे नव्या धातूला ०.१८ आणि जुन्याला ०.५५ असा भार धरतात. तीन टक्के वाफेला नव्या धातूसाठी प्रत्येक तास १.५४ तासांचा होतो, तर जुन्या धातूसाठी २.६५ तासांचा. हे आकडे दुसऱ्या जातीच्या यंत्रांचे असल्यामुळे या कारखान्यासाठी ते दिशादर्शकच होते, परंतु सौम्य भार धरून पाहिला तरी १३,००० तासांचे सुमारे २०,००० तास झाले.

इथेच एक अडचण दिसली. २०,००० हे २४,००० पेक्षा कमी आहेत. सगळे तास वेट नियंत्रणाचे धरूनही नुसत्या तापमानाने इतक्या लवकर लेप उडायला नको होता. शिवाय पात्यांच्या लांबीत वाढ फारशी नव्हती. नुकसान होते ते पृष्ठभागावर, पुढच्या कडेला आणि पोटाच्या बाजूला, फुगीर करड्या-हिरवट पापुद्र्यांच्या रूपात. धातू थकल्यापेक्षा तो खाल्ला गेल्याची ही लक्षणे होती.

सॉफ्टनरचे पाणी

पात्यावरचा थर खरवडून शुद्ध पाण्यात विरघळवला, तेव्हा त्यात सोडियम आणि सल्फेट दोन्ही मिळाले. सोडियम सल्फेट ८८४ अंश सेल्सिअसला वितळते, आणि ८५० ते ९५० अंशांच्या पट्ट्यात त्याचा वितळलेला थर पात्यावरील संरक्षक ऑक्साइड विरघळवून धातूपर्यंत पोहोचतो. यालाच हॉट करोजन म्हणतात. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या यंत्रात समुद्रापासून दूर हे दिसणे अपेक्षित नसते, म्हणून पहिला संशय हवेवर गेला. गळीत हंगामात या भागात बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काजळी उडते, तिच्यात पोटॅशियम असते, आणि फौंड्रीच्या वाळूची धूळ तर बारा महिने असते. पण हवेचे फिल्टर व्यवस्थित होते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर तसा थर नव्हता. हवेतून आलेले मीठ कॉम्प्रेसर ओलांडूनच पुढे जाते. कॉम्प्रेसर स्वच्छ आणि टर्बाइन खराब असेल तर मीठ मध्येच कुठून तरी आत आलेले असते. मध्ये दोनच वाटा होत्या, गॅसची आणि वाफेची.

बॉयलरला सॉफ्टनरचे पाणी दिले जात होते. रंगाईच्या कारखान्यासाठी ते योग्यच आहे, कारण सॉफ्टनर पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतो आणि नळ्यांवर खार बसत नाही. पण त्यांच्या जागी तो सोडियमच सोडतो. पाण्यातील एकूण क्षार कमी होत नाहीत, त्यांची जात बदलते. भरीस भर म्हणून ऑक्सिजन शोषण्यासाठी सोडियम सल्फाइटचे डोझिंग होते, आणि ऑक्सिजन शोषून झाल्यावर सल्फाइटचे सोडियम सल्फेट होते. पात्याला जे मीठ खाते, तेच मीठ बॉयलरच्या ड्रममध्ये (जिथे पाण्यापासून वाफ वेगळी होते त्या भांड्यात) तयार केले जात होते.

ते वाफेत किती येत होते, याचा अंदाज असा. ड्रमच्या पाण्यात ३,००० पीपीएम (दहा लाख भागांत ३,००० भाग) क्षार असले आणि वाफेबरोबर हजारात एक भाग पाणी उडून गेले, तर वाफेत ३ पीपीएम क्षार येतात. त्यांतले साधारण एक तृतीयांश सोडियम धरू. इंधनाच्या मानाने वाफ पावणेदोन पट होती, म्हणून इंधनातच सोडियम आहे असे समजून हिशेब केल्यास ते पावणेदोन पीपीएम होते. हवा, इंधन व वाफ यांतून मिळून येणारे सोडियम आणि पोटॅशियम इंधनाच्या हिशेबात १ पीपीएमच्या आत असावे, अशी मर्यादा उत्पादक साधारणपणे घालतात. म्हणजे ड्रममधून उडणारे पाणीच मर्यादा ओलांडायला पुरेसे होते.

मोठा स्रोत मात्र दुसराच निघाला. टर्बाइनला द्यायच्या वाफेचे तापमान आवरण्यासाठी सुपरहीटरनंतर (वाफ आणखी तापवणाऱ्या भागानंतर) तिच्यावर पाण्याचा फवारा मारला जात होता, आणि हे पाणी फीड पंपाच्या लाइनवरून घेतलेले, म्हणजे सॉफ्टनरचेच होते. ड्रममध्ये निदान क्षार मागे राहतात आणि ब्लोडाउनने, म्हणजे ड्रममधले थोडे पाणी सोडून देण्याने, बाहेर जातात. फवाऱ्याचे पाणी मात्र पूर्ण वाफ होते आणि त्यातला एकूण एक क्षार पुढे जातो. फीडच्या पाण्यात २०० पीपीएम क्षार आणि वाफेच्या पाच टक्के फवारा धरला तर केवळ त्यातून वाफेत १० पीपीएम क्षार येतात. इंधनाच्या हिशेबात सोडियम साडेपाच पीपीएमच्या वर जाते.

बॉयलर अटेंडंटची वही काटेकोर होती. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), पीएच आणि ब्लोडाउनच्या सर्व नोंदी मर्यादेत होत्या, कारण त्या मर्यादा बॉयलरच्या होत्या. टर्बाइनच्या ऑपरेटरची वहीही नीट होती, पण तिच्यात वाफेचा दाब, तापमान आणि प्रवाह एवढेच रकाने होते. वाफ बॉयलर हाऊसमधून निघून टर्बाइनच्या खोलीत शिरते त्या ठिकाणी तिची शुद्धता कोणी मोजत नव्हते, आणि टर्बाइनला लागणारी वाफ रंगाईच्या वाफेहून वेगळ्या दर्जाची असते हे प्रकल्पाच्या कागदांत कुठेही लिहिलेले नव्हते.

लायनरच्या चिरा हा त्यामानाने लहान विषय होता. त्या खालच्या ज्वलनकक्षांनाच होत्या आणि साप्ताहिक सुट्टीनंतर वाफेची लाइन पुरेशी गरम न करता झडप उघडली जात होती. लाइनमध्ये साचलेले पाणी लोंढ्याने तापलेल्या लायनरवर जात असे. वाफ आत शिरताना ती संपृक्त तापमानाच्या (त्या दाबाला वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या) किमान २८ अंश वर असावी, हा नियम कागदावर पाळला जात होता, परंतु तापमापक लाइनच्या बॉयलरकडच्या टोकाला होता. वाफेऐवजी पाणी फवारणाऱ्या यंत्रांत लायनर व ट्रान्झिशन पीस (ज्वलनकक्षातून वायू टर्बाइनकडे नेणारा भाग) यांची झीज अधिक असते, कारण पाण्याने ज्योतीतील दाबाचे हेलकावे जास्त वाढतात. त्या मानाने वाफ सौम्य असते, पण ती खरोखर वाफ असेल तरच.

काय बदलले

वाफ बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला. नियंत्रण रेषा मूळ जागी आणली गेली आणि तिच्यात बदल करायचा झाल्यास देखभाल विभागाची लेखी संमती व मुदत दोन्ही आवश्यक ठरली. फवाऱ्यासाठी तातडीने वेगळे डीएम (क्षार काढून टाकलेले) पाणी घेतले गेले, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल होता. सल्फाइटचे डोझिंग थांबवून डीएरेटरकडे (पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राकडे) लक्ष दिले गेले. संपूर्ण बॉयलर डीएमवर नेण्याबाबत मात्र मतभेद राहिला. टर्बाइनमध्ये सोडलेली वाफ परत मिळत नाही, ती धुराड्यातून जाते. दिवसाला ५० टनांहून अधिक पाणी शुद्ध करायचे आणि रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे) धुतलेले आम्ल व अल्कली सांडपाण्यात सोडायचे, हे पंचगंगेच्या खोऱ्यातील कापड कारखान्याला सहज परवडणारे नाही. आरओ आणि त्यापुढे छोटे मिक्स्ड बेड (उरलेले क्षार काढणारे रेझिनचे पात्र) हा मधला मार्ग मला अधिक योग्य वाटतो. तोवर ड्रममधील वाफ-पाणी विभाजक बदलून, टर्बाइनकडे जाणाऱ्या लाइनवर नमुना घेण्याची सोय करून, आठवड्याला सोडियम मोजायचे ठरले.

पावसाळ्याविषयी एक शंका चर्चेत आली, ती नोंदवण्यासारखी आहे. जुलैत कोल्हापूरची हवा संपृक्त असते आणि २४-२५ अंशांना किलोमागे सुमारे २० ग्रॅम पाणी तिच्यात असते. प्रमाणित परिस्थितीत ते सहा ग्रॅमांच्या आसपास धरतात. म्हणजे जवळपास दीड टक्का जास्तीची वाफ निसर्गच आत सोडतो. तिनेही पाती तापतात का? तत्त्वतः होय, पण ड्राय रेषेवर तिचीही तशीच भरपाई होते आणि तिच्यात सोडियम नसते. म्हणून पावसाळ्यासाठी वेगळी सेटिंग ठेवू नये, असे ठरले.

उन्हाळ्यातील संध्याकाळच्या काही तासांसाठी वेट नियंत्रण वापरू द्यावे, अशी उत्पादन विभागाची मागणी पूर्णपणे फेटाळलेली नाही. त्या तासांची नोंद वेगळ्या रकान्यात होईल, प्रत्येक तास दीडपटीहून थोडा जास्त मोजला जाईल आणि त्या बेरजेनेच पुढच्या तपासणीची तारीख ठरेल. पात्यांवर नवीन लेप चढवून यंत्र पुन्हा सुरू करण्यात आले असून पहिली बोरोस्कोप तपासणी ४,००० तासांनी आहे. तीत पहिल्या टप्प्याच्या पात्यांची पुढची कड आणि दुसऱ्या टप्प्याच्या नोझलचे अंतर हे दोन मुद्दे आधी पाहिले जातील.